सायकल रिपेअर स्टँड : आठ महिने वापरल्यावर (मुख्यतः एका रबरी बुटाविषयी)

आधीच सांगून टाकतो, स्टँड चांगला आहे. ज्यांना फक्त 'घेऊ की नको' एवढंच विचारायचंय त्यांनी 'घ्या' असं समजावं आणि आपल्या कामाला लागावं. बाकीच्यांनी वाचा. पण यातला निम्मा मजकूर स्टँडच्या एका पायाच्या बुटाबद्दल आहे, हे लक्षात असू द्या.

फोल्डिंग, तीन पायांचा, वर फिरणारा क्लॅम्प, खोक्यावर 'तीस किलो' छापलेला, तोच. मला दसऱ्याच्या सेलमध्ये २,८९९ रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही.

घेतला तो बाबांच्या अ‍ॅटलससाठी. १९८६ ची, बावीस इंची फ्रेमची, रॉड ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी रॉडने ओढले जाणारे ब्रेक) काळी सायकल. तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो आणि बाबा तिच्यावरून विक्रोळीला कामाला जायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात ही हँडलपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर बाबांनी ती पुसली, वरवर तेल दिलं, आणि तेव्हापासून ती नुसतीच आमच्याबरोबर घरं बदलत आली. आता मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत. कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, भंगारात द्या, ओव्हरऑइलिंगलाच (सगळी सायकल उघडून, साफ करून परत जोडायला) हिच्या किमतीपेक्षा जास्त लागेल. ते ऐकून बाबा दोन दिवस त्याच्या दुकानावरून गेलेसुद्धा नाहीत. मग काय, घरीच करायचं ठरलं.

स्टँडला बाबांचा कडक विरोध. त्यांची पद्धत म्हणजे खिडकीच्या ग्रीलला सुताची दोरी बांधायची, एक फास सीटखाली, एक हँडलखाली. खर्च शून्य. मी आधी सायकल उलटी करून बघितली. साध्या सायकलला ते चालतं, पण रॉड ब्रेकवाल्या सायकलीचं सगळं वजन हँडलच्या रॉडवर येतं. एक रॉड वाकवूनच मला ते कळलं. दोरीवर सायकल लटकते खरी, पण पायडल मारलं की झोपाळ्यासारखी झुलते. 'सवय लागते,' असं बाबांचं म्हणणं.

स्टँड आला आणि पहिल्या आठवड्यात मी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. खरंच, कंबर न वाकवता चाक डोळ्यासमोर फिरतं, एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. जुन्या सायकलीसाठी एक सूचना: क्लॅम्प सीटच्या दांडीवर लावावा असं कागदावर लिहिलंय, पण आमची दांडी २००५ पासून फ्रेममध्ये जाम, वर दीड इंचसुद्धा शिल्लक नाही. म्हणून आडव्या दांड्याला धरलं. तो जेमतेम एक इंच जाडीचा, क्लॅम्पच्या खालच्या मर्यादेला टेकणारा. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दोन घड्या करून मध्ये घातला, नॉब बेताने आवळला. मुलाच्या गिअरच्या सायकलला यातलं काही लागत नाही, सीटची दांडी धरली की संपलं, आणि एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने गिअर लावताना आपण फारच मोठे कारागीर आहोत असं वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात मत बदललं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढायला गेलो. जुन्या सायकलींच्या क्रँकला कॉटर (क्रँक आसावर पक्का धरणारी ठोकून बसवलेली लोखंडी खीळ) असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. नट सैल केला, हातोडी घेतली आणि सायकल स्टँडवर असतानाच ठोकायला सुरुवात केली. चौथ्या घावाला क्लॅम्प दांड्यावर गर्रकन फिरला, मागचं चाक माझ्या गुडघ्यावर आलं आणि कॉटरचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं. दोन तारे, असं मी तेव्हा रागाने ठरवलं. बाबा गॅलरीतल्या खुर्चीतून एवढंच म्हणाले, "लटकवलेल्या सायकलीवर हातोडी मारतात का रे?" मारत नाहीत. सायकल खाली जमिनीवर घ्यायची, क्रँकच्या खाली कॉटरच्या अगदी शेजारी लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवायचा, म्हणजे घाव आतल्या छऱ्यांवर न जाता पाइपातून जमिनीत जातो. मग एक सणसणीत घाव. तसं केल्यावर तिसऱ्या फटक्याला निघाला. स्टँडचा यात काही दोष नाही, तारे परत दिले.

बीबी (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो फ्रेमचा तळभाग) उघडल्यावर आत २००५ चा गाळ होता. अक्षरशः. ग्रीसचा रंग मिठी नदीचा. डाव्या बाजूची वाटी (छर्रे जिच्यात बसतात ती) निघाली. उजव्या बाजूच्या वाटीला उलटे आटे असतात, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने फिरवली तर सुटते. हे माहीत असूनही ती हलली नाही, म्हणून ती तशीच ठेवून आतून डिझेलच्या फडक्याने साफ केली (रॉकेल आता आणणार कुठून). डाव्या पायडललाही उलटे आटे असतात, तिथे मात्र बाबांनी मला वेळेवर थांबवलं.

छऱ्यांसाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे 'सायकलचे छर्रे द्या' म्हटलं तर दुकानदार वर बघतसुद्धा नाही, मापात बोलावं लागतं. पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) तीन-सोळांश इंचाचे, प्रत्येक बाजूला दहा. मागच्या हबला पाव इंची, नऊ-नऊ. बीबीला पाव इंची, अकरा-अकरा. चांगले दिसणारे जुने छर्रे परत घालायचा मोह मला झाला होता, कारण मी स्वभावाने तसाच आहे. पण एक घासलेला छर्रा नव्या वाटीलाही खातो, आणि नव्या छऱ्यांचा एकूण खर्च दोन वडापाव आणि कटिंग चहाच्या घरात. टायरला मात्र फसलो. '२८ चा टायर' मागितला, दुकानात ७०० सी चा मिळाला, त्यावरही २८ लिहिलेलं. आपल्या जुन्या २८ × १½ च्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, ७०० सी चं ६२२. तेरा मिलिमीटरसाठी हातापाया पडलं तरी तो टायर चढत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ६३५ आहे का ते बघून घ्या.

आता बुटाकडे येतो.

जानेवारीत स्टँडच्या एका पायाचा रबरी बूट फाटला. मी काही केलं नव्हतं, नुसता उघडत-मिटत होतो. आत बघितलं तर रबर कसलं, कडक प्लॅस्टिकवर रबराचा मुलामा. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही हे शाळेत शिकलोय आणि ते खरंही आहे, स्टँड डुगडुगला नाही. पण उघडा पाइप लादीवर घसरायला लागला. नट आवळायला जोर लावला की कर्रर्र. आमच्या खालच्या मजल्यावर काकू राहतात, त्यांचा दुपारी दोन ते चार झोपेचा वेळ. पहिल्या रविवारी त्यांनी फोन केला, दुसऱ्या रविवारी स्वतः वर आल्या आणि लादीवरचे पांढरे ओरखडे मला बोट ठेवून दाखवले, जणू लादी त्यांचीच.

त्याच दिवसांत मी चाकाचा आउट (चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलते तो दोष) काढत होतो. मागच्या चाकाला चाळीस तारा (स्पोक), पुढच्याला बत्तीस. रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला लागतात, त्यामुळे आउट बघायला त्यांचा उपयोग नाही, म्हणून मागच्या दांडीला केबल टाय बांधून तिचं टोक रिमपाशी आणलं. एकदा पाव फेरा निपल (तारेच्या टोकाचा छोटा नट) फिरवायचा, चाक फिरवायचं, बघायचं. दर फेऱ्याला स्टँड सूतभर सरकणार. रिम आणि केबल टाय दोन्ही फ्रेमलाच असतात, तेव्हा स्टँड सरकला तरी आउटमध्ये फरक पडत नाही, हे मला कळतं. पण सरकणाऱ्या गोष्टीवर बारीक काम होत नाही. सुताराला विचारा.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. तीन महिन्यांपूर्वी उघडलेल्या बॉक्सचा! मी लिहिलं, मला नवा स्टँड नको, एक बूट विकत द्या. म्हणाले, बूट सुटा मिळत नाही, पूर्ण पाय घ्यावा लागेल, ८९० रुपये अधिक पाठवणी. म्हणजे २,८९९ च्या स्टँडचा एक पाय ८९० ला, तर त्या हिशेबाने तिन्ही पाय २,६७०, आणि वरचा अख्खा क्लॅम्प-खांब उरलेल्या २२९ रुपयांत. हा हिशेब मी त्यांना मुद्देसूद लिहून पाठवला. त्यावर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे'. चार वेळा फोटो पाठवल्यावर मार्चमध्ये एक पाकीट आलं, फुकट. आत क्लॅम्पच्या जबड्याची रबरं, दोन नग. मी मागितली नव्हती. लावून बघितली. खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा ती मऊ आहेत आणि साडीच्या तुकड्याची गरज संपली. एक तारा वाढवायला हवा होता, पण मी वाढवला नाही.

शेवटी बाबांच्या काठीकडे बघून सुचलं. पायाच्या पाइपाभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर मोजला, ६९ मिलिमीटर, भागिले ३.१४, बावीस. महापालिकेच्या हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये काठीचे रबर मागितले, बावीसचे. खालून खाचा असलेले, जाड, खऱ्या रबराचे. जोडी ६० रुपये. दोन जोड्या घेतल्या, कारण एक नवीन आणि दोन जुने मला सहन झालं नसतं. आत साबणाचं पाणी लावून तिन्ही पायांना दाबून बसवले. एप्रिलपासून आजतागायत स्टँड जागचा हललेला नाही.

बाकी किरकोळ. गॅलरीत ठेवलात तर क्लॅम्पची स्प्रिंग आणि दोन बोल्ट मुंबईच्या हवेत गंजतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी मशीनच्या तेलाचे चार थेंब द्या. खांब अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला काही होत नाही. मिटल्यावर कपाटामागे बसतो. तीस किलोचा दावा तपासायची माझी हिंमत नाही, आमची अ‍ॅटलस कॅरिअर-स्टँडसकट पेलते.

सायकल मे महिन्यात रस्त्यावर आली. चेन आणि फ्रीव्हील नवं (जुनी चेन बारा इंचांत एक-अष्टमांश इंच लांबली होती, तेवढं झालं की दातेही गेलेले असतात). अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, बरोबर जागतिक सायकल दिनाला, थांबला. तरी सुटे भाग अडले नाहीत, या मापाचं सामान सगळ्यांचं एकच. बाबांनी बिल्डिंगच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या, उतरले आणि म्हणाले, पुढच्या चाकाला अजून थोडा आउट आहे. बघितलं. आहे.

चार तारे. पाचवा त्या ८९० रुपयांसाठी कापला.

आणि हो, काठीचं चौथं रबर उरलं होतं. काकूंना समेट म्हणून नेऊन दिलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलाला बसेल म्हणून. बसलं. आता बाकीचे तीन कधी आणतोस, असा काल फोन होता.