"अंगठा लागत नाही" म्हणाला आणि खातं रिकामं करून गेला

परतीच्या पावसानं आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कापणीला आलेलं भात आडवं केलं. व्हाळाच्या कडेच्या शेतांत तर कणसं पाण्यातच रुजली. अशा वेळी पीक गेल्यावर सरकारकडून मिळणाऱ्या शेतकरी आधार निधीसाठी वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात अर्ज द्यायचा, हे २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आल्यापासून लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. ते त्या माणसालाही पाठ होतं.

भर दुपारी तो आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि अंगठा घ्यायचं मशीन. आमची काकी घरी एकटीच. "काकी, तुमची फाईल वाळपईला अडकलीय. आज केवायसी झाली नाही तर नाव यादीतून जाणार." कृषी कार्ड, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, आधार, सगळ्याचे फोटो काढले. मग सहज विचारल्यासारखं, "खातं कुठल्या बँकेत?"

इथेच खरी मेख आहे. आधारवरून पैसे काढायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स.

काकीनं अंगठा ठेवला. "लागत नाही." साबणानं हात धुऊन या म्हणाला. परत ठेवला. "नाहीच लागत, दुसरं बोट द्या." मग खोबरेल तेल लावून पुसायला लावलं. काकीला यात काही वावगं वाटलं नाही, कारण रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा एका दमात कधी लागत नाही. जन्मभर लावणी केलेली, काजूच्या चिकानं सालं निघालेली बोटं ती. पीएम किसानच्या केवायसीलाही असंच झालं होतं. कष्टानं झिजलेल्या बोटांवर धंदा करणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रत्येक "लागत नाही"ला पैसे निघत होते. एका वेळी ₹१०,००० पर्यंतच काढता येतात, म्हणून तर पुन्हा पुन्हा बोटं मागत होता. सुपारीचे जमलेले पैसे गेले. मेसेज आले ते वारलेल्या काकांच्या बंद नंबरावर, कारण खात्याला तोच जोडलेला. पासबुक भरून आणलं तेव्हा उलगडा झाला. बँकेत उत्तर मिळालं, "अंगठा तुमचाच आहे ना?"

असं उत्तर ऐकून परत फिरू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला: चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. संदेशच मिळाला नव्हता, हेही अर्जात स्पष्ट लिहा. काकीच्या अर्जात आम्ही लिहिलंय. निकाल अजून लागायचाय.

आणखी एक, हे मात्र आजच करा. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. एकदा लॉक केलं की अंगठा कुठेच चालत नाही. रेशनच्या दिवशी तात्पुरतं उघडायचं. म्हाताऱ्या माणसांना जमत नाही, घरातल्या पोरांनी करून द्यावं. खात्याला जोडलेला नंबर चालू आहे का, तेही बघा.

नंतर कृषी कार्यालयाचा खरा माणूस पाहणीला आला तो थेट शेतात उतरला, चिखलात. मेरेवर उभं राहून किती नासलं ते लिहून घेतलं. बोट कोणाचंच मागितलं नाही.

तो मशीनवाला आता दुसऱ्या गावांत फिरत असणार. तुमच्याकडे आला तर आधी वाड्यावरची चार माणसं आणि पंच बोलवा, कृषी कार्यालयात फोन लावून नाव विचारा, आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तो कोणी काढला नाही, म्हणून पोलिसांना सांगायला वर्णनापलीकडे काही नाही.