मुलींचं होस्टेल: मेस उत्तम, फाटक साडेआठला बंद

पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लेडीज होस्टेलबद्दल नव्या मुली सारख्या विचारतात, म्हणून लिहितेय. खोल्या हवेशीर आहेत, पाण्याची अडचण नाही. मेसच्या मावशी परीक्षेच्या दिवसांत उशिरा येणारीचं ताट झाकून ठेवतात, भाकरी परत गरम करून देतात. त्यांच्याबद्दल बोलावं तेवढं थोडं.

पण फाटक रात्री ८.३० ला बंद होतं. मुलांच्या होस्टेलला वेळेचं बंधनच नाही आणि कॉलेजची अभ्यासिका १२ पर्यंत उघडी असते. फी सगळे सारखीच भरतात, मग रात्रीची अभ्यासिका फक्त मुलांची का? आमच्या टीमची रेसिंग कार वर्कशॉपमध्ये रात्रीच जोडली जाते. वेल्डिंग, सस्पेन्शन मुलं शिकतात. आमच्या वाट्याला रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन. इंटरव्ह्यूत ‘स्वतःच्या हाताने काय केलंस?’ असं विचारलं की काय सांगायचं? उशीर झाला की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं, वर घरी फोन जातो. अशा एका फोननंतर माझ्या मैत्रिणीला वडिलांनी टीम सोडायला लावली. वेल्डिंगला तिचा हात आमच्यात सगळ्यात साफ होता. मला अजून राग येतो.

सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट आहे. प्रवेश घेताना तिची प्रत सोबत न्या, फाटकाची वेळ लेखी मागा. वर्कशॉपमध्ये काम करायचं असेल तर शक्यतो बाहेर खोली बघा. पाचपैकी दोन तारे.