वेदरिंगसाठी इंजिन कुणाला पाठवणार असाल तर आधी हे वाचा

मंडळी, मॉडेल रेल्वेवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. माझं एचओ स्केलचं (१:८७) डब्ल्यूडीएम-२, म्हणजे भारतीय रेल्वेच्या अल्को कंपनीच्या डिझाइनच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल, फारच कोरं करकरीत दिसायचं म्हणून एकाला वेदरिंगला, म्हणजे रंगाने वापरलेलं, मळकं दिसेल असं करायला दिलं. त्याने टाकलेले फोटो बघून कुणीही दिलं असतं, छतावर एक्झॉस्टभोवती अल्कोची ती काजळी, टाकीच्या तोंडाखाली डिझेल सांडून झालेला चकाकता काळा ओघळ, काचेवर वायपर फिरतो तेवढाच भाग स्वच्छ. सगळं हाताने, वॉश (अगदी पातळ केलेला रंग) आणि पिगमेंट पावडर वापरून करतो म्हणाला. साडेचार हजार आधीच यूपीआयने घेतले आणि इंजिन कुरिअरने मागवून घेतलं.

मग रोज नवं कारण. कोट सुकतोय, हवेत ओल आहे, वॉर्निश पांढरं पडतंय. शेवटी पार्सल आलं, उघडतो तर अख्ख्या इंजिनावर एकच तपकिरी स्प्रे, छताला तोच, बोगीला (खालच्या चाकांच्या सांगाड्याला) तोच आणि काचाही त्यातच बुडालेल्या! अहो, खऱ्या इंजिनावर मळ जागेप्रमाणे बदलतो, बोगीवर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा गंज, वर धुराचं काळं, बाजूंना पावसाने खाली ओढलेल्या रेघा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या बघणाऱ्या पोरालाही हे कळतं. वर पावडर नुसती फासलेली, ती धरून ठेवणाऱ्या मॅट वॉर्निशचा पत्ताच नाही, हात लावला की बोटं तपकिरी. थिनरने नंबरही अर्धा विरघळलाय.

सगळ्यात वाईट हाल चाकांचे. रुळातला करंट चाकांतूनच मोटरला जातो आणि याने त्यांच्यावरच रंग मारलेला, इंजिन जागचं हलेना. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने चाकं निघाली स्वच्छ, पण गिअरमध्ये गेलेला रंग काढायला सगळं खोलावं लागलं, खूप जीव तुटला.

नंतर ते फोटो इमेज सर्चला टाकले तर काम दुसऱ्याच मॉडेलरचं, कोपऱ्यातलं त्याचं नाव कापलेलं. जाब विचारला तर ब्लॉक.

म्हणून फोटोंवर जाऊ नका, इंजिनाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून व्हिडिओ मागा, त्यात इंजिन उलटं करून चाकं दाखवायला सांगा आणि त्याने वेदरिंग केलेलं एखादं इंजिन रुळावर चालताना बघा. वॉर्निश कुठलं मारतो ते विचारा, काम करणारा माणूस यावर भरभरून बोलतो. पूर्ण पैसे आधी अजिबात देऊ नका आणि पाठवण्याआधी आपल्या इंजिनाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तेच फोटो परवा दुसऱ्या नावाच्या अकाउंटवर दिसले, आता भाव सहा हजार सांगतोय.