दार सोडा, आत या: कात्रज-शिवाजीनगर बसचा वापरानंतरचा अनुभव

बस वेळेवर येत नाही ही तक्रार पुण्यात जन्मल्यापासून ऐकतेय. पण एक अख्खा पावसाळा, गणपती, थंडी आणि आता उन्हाळा बसमध्ये काढल्यावर माझं मत जरा वेगळं झालंय. बसची वाट बघण्यात जेवढा जीव जात नाही तेवढा ती आल्यावर दारात जातो. आणि दार काही ड्रायव्हर-कंडक्टर अडवत नाहीत, आपणच अडवतो.

मी बालाजीनगरला राहते, ऑफिस शिवाजीनगरला. स्कूटर अजून आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. ऑफिसपाशी गाडी लावायला जागा मिळेना आणि स्वारगेटच्या चौकात धूर खात सिग्नलचे आकडे मोजायचा कंटाळा आला, एवढंच कारण. पर्यावरण वगैरे मागाहून सुचलं.

आधी मार्गाबद्दल. सातारा रस्त्यावर राहणाऱ्यांनी बसबद्दल रडू नये. शिवाजीनगरची २ नंबर, महाराष्ट्र हाउसिंग बोर्डाची २४, कोथरूड डेपोची १०३, शिवाय निगडीकडे आणि पुणे स्टेशनकडे जाणाऱ्या, अशा सगळ्या कात्रजहून निघून याच रस्त्याने स्वारगेटपर्यंत येतात. स्वारगेटलाच उतरायचं असेल तर पाटी वाचायचीही गरज नाही, येईल त्या बसमध्ये चढायचं. मुख्य रस्ता सोडून आत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माझी मावसबहीण अशाच एका आतल्या वस्तीत राहते. तिच्या बसचा नंबर एकच, ती गेली की रिक्षा. त्यामुळे मी इथे जे लिहितेय ते सातारा रस्त्यापुरतं धरा. शिवाय पुण्यातले बरेच मार्ग स्वारगेट, मनपा, डेक्कन, स्टेशन अशा ठिकाणांना बांधलेले आहेत. मध्यवस्तीत जायला सोय आहे, पण एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात आडवं जायचं म्हटलं की आधी शहरात या आणि मग पुन्हा बाहेर जा.

कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखून ठेवायचा प्रयोग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून त्यावर जेवढी भांडणं झाली तेवढ्या फेऱ्याही झाल्या नसतील. पण सकाळी ऑफिसच्या वेळेला पद्मावतीच्या पुढे बाजूच्या गाड्या खोळंबलेल्या असतात आणि आपली बस मधल्या मार्गिकेतून निघून जाते, तेव्हा मला तरी त्या प्रयोगाबद्दल चांगलंच बोलावंसं वाटतं. मधूनच एखादा दुचाकीवाला मार्गिकेत घुसतो आणि बसच्या पुढे निवांत चालवत राहतो. मग ड्रायव्हर काकांचा हात हॉर्नवरून हलत नाही.

या मार्गिकेतले थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत. त्यांच्यासाठी फलाट बांधलाय, चांगला उंच. लोक उभे राहतात कुठे? फलाटाच्या अगदी काठावर, माना बाहेर काढून. काही जण तर खाली मार्गिकेतच. बस जवळ आली की त्यांना वर उडी मारावी लागते, ड्रायव्हरला आधीच ब्रेक दाबावा लागतो आणि बस फलाटापासून हातभर लांब थांबते. मग तीच मंडळी म्हणतात, ‘बस नीट लावत नाहीत.’

आता दार. मागून चढायचं, पुढून उतरायचं हे पुण्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. प्रत्यक्षात जे दार समोर येईल ते आपलं. त्याहून वाईट म्हणजे चढल्यावर माणूस तिथेच रुजतो. कोणाला वारा हवा असतो, कोणाला चार थांब्यांनी उतरायचं असतं, कोणी कानात गाणी घालून जगातून उठलेला असतो. बाहेर लोक पायरीवर एक पाय टेकवून लोंबकळतायत आणि आत, बसच्या मधोमध, खालचा पत्रा दिसतोय अशी अवस्था मी कितीदा तरी पाहिलीये. कंडक्टर ओरडून ओरडून थकतात: ‘चला पुढे, पुढे मोकळं आहे! अहो, पुढे काय वाघ बसलाय का?’

एकदा संध्याकाळी परतताना मंडईला एक आजोबा चढले. हातात कापडी पिशवी, पिशवीतून दोडक्याचं टोक बाहेर आलेलं. पायरीवर एक पोरगा उभा, पाठीवर भलीमोठी सॅक. आजोबांनी आधी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग शांतपणे विचारलं, ‘दाराचा पास वेगळा काढलाय का?’

‘काका, मला स्वारगेटला उतरायचंय.’

‘बरं. मग स्वारगेटपर्यंत आत उभं राहायला कोणी बंदी केलीये?’

आजूबाजूचे हसले. पोरगाही हसला आणि आत सरकला. खरी गंमत पुढे झाली. तो हलला तसे त्याच्या मागे खिळलेले चार-पाच जणही सरकले आणि दार रिकामं झालं. तेव्हापासून मी नीट बघायला लागले. लोक अडेलतट्टू असतात असं नाही. आत गेलो तर वेळेवर उतरायला मिळणार नाही, ही प्रत्येकाच्या पोटात भीती असते, आणि ती खोटीही नसते, कारण दारात उभे असलेले वाट देत नाहीत. म्हणजे दार अडतं म्हणून कोणी आत जात नाही, आणि कोणी आत जात नाही म्हणून दार अडतं.

यावर जुने प्रवासी जे करतात तेच मी करते. सरळ मधोमध जाऊन उभी राहते. आपला थांबा यायच्या आधीच्या थांब्यावरच पुढच्याला विचारायचं, ‘उतरणार का?’ हो म्हणाला तर त्याच्या मागे राहायचं, नाही म्हणाला तर त्याच्याशी जागा बदलून पुढे सरकायचं. एवढं केलं की कितीही गर्दी असो, उतरता येतं. सॅक मात्र पोटावर घ्या हो. मागे वळलात की कोणाच्या तरी चष्म्याला लागते.

डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी राखीव असतात. तिथे बसलेले पुरुष बहुतेक वेळा न सांगता उठतात, हे कबूल करायला हवं. काहींना आपण शेजारी जाऊन उभं राहिलो की खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या एकदम वाचाव्याशा वाटतात, पण असे थोडे. माझं भांडण आमच्या बायकांशीच जास्त आहे. खिडकीकडची जागा रिकामी असते आणि बाई अलीकडे बसलेली. सरका म्हटलं की, ‘मला पुढे उतरायचंय’ म्हणून गुडघे तिरके करते. त्या दीड वितीच्या फटीतून आपण पर्स, डबा आणि ओली छत्री घेऊन आत घुसायचं. आणि पुढे म्हणजे कुठे? कात्रजला. जिथे बस थांबते आणि सगळेच उतरतात.

महिलांसाठीच्या तेजस्विनी बस ८ मार्च २०१८ पासून सुरू आहेत, दर महिन्याच्या ८ तारखेला त्यांतला प्रवास मोफत असतो. तिथे तरी दार मोकळं असतं का? अजिबात नाही. फक्त धक्का लागला तर ‘सॉरी हं’ ऐकू येतं.

बस सुटते त्या ठिकाणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून जिवंत आहे. हल्ली रुमालाऐवजी पाण्याची बाटलीही चालते. मी बाटली उचलून बाटलीच्या मालकाच्या हातात देते आणि बसते. आजवर कोणी भांडलेलं नाही, नुसते बघत राहतात. मोबाइलवर मोठ्या आवाजात रील बघणाऱ्यांवर काय लिहायचं, ते सगळीकडेच आहेत.

कंडक्टरांचं मात्र कौतुक केलंच पाहिजे. संध्याकाळच्या गच्च बसमध्ये एका हातात तिकिटाचं मशीन, बोटांच्या बेचक्यात घड्या घातलेल्या नोटा, गळ्यात यूपीआयचं कार्ड, अशा थाटात हा माणूस मागून पुढे येतो आणि ‘खिडकीतले निळा शर्ट, तुमचं राहिलंय’ असं बरोबर हेरतो. दांडेकर पुलाला जायला कुठे उतरू, हे विचारणाऱ्या आजींना थांबा आला की हाकही तोच मारतो.

भाड्याबद्दल. १ जून २०२५ पासून दर बदलले. पूर्वीचे कमीत कमी ५ रुपये होते ते १० झाले. पहिल्या ५ किलोमीटरला १०, १० किलोमीटरपर्यंत २०, असे आता टप्पे आहेत. दिवसाचा पास ७० रुपये, मासिक १,५००. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन्ही बससंस्था २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाल्याचा फायदा इथे दिसतो: पास पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे चालतो. माझ्यासारखीला रोज जाऊन-येऊन मासिक पास अजूनही स्कूटरच्या पेट्रोलपेक्षा परवडतो. मार बसला तो जवळच्या प्रवासाला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई दोन-तीन थांब्यांसाठी बस घ्यायच्या, आता चालत येतात. ‘पाच रुपयांत पाय वाचायचे, दहांत नाही वाचवत,’ म्हणाल्या.

स्वारगेटच्या पुढे रस्ता बदलतो. शिवाजीनगरकडे जाताना बाजीराव रस्ता, येताना शिवाजी रस्ता, कारण दोन्ही एकेरी. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते. सकाळी शनिपारला उतरलेला पाहुणा संध्याकाळी त्याच जागी परतीच्या बसची वाट बघत उभा राहतो. त्याला तिथून शिवाजी रस्त्यावर पाठवावं लागतं, मंडईपाशी. स्वारगेट आणि मनपाचंही तसंच, नाव एक आणि थांबे चार दिशांना. कुठली बस कुठून सुटते ते ॲपपेक्षा तिथल्या पानवाल्याला नक्की माहीत असतं.

ॲप चांगलं आहे तरीही. ‘आपली पीएमपीएमएल’ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. त्यावर तिकीट निघतं आणि बस नकाशावर कुठे आहे ते दिसतं. मी घरातून चहा संपवून निघायचं की अर्धा टाकून, हे त्यावर ठरवते. गंमत अशी की मागोमाग दुसरी बस येतेय हे फोनवर दिसत असूनही लोक पहिल्या बसच्याच दारात लोंबकळतात. दुसरी अर्धी रिकामी येते. मी तीच पकडते.

स्वारगेटहून जमिनीखालची मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि मग शिवाजीनगर. पेठांमधल्या गर्दीत बसला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी मेट्रो पोचवते. पण बालाजीनगरहून स्वारगेटपर्यंत बस आहेच, वर सरकते जिने उतरायचे, पुन्हा चढायचे आणि वेगळं तिकीट. स्वारगेट-कात्रज मेट्रोचं भूमिपूजन त्याच दिवशी झालं, ती धावेल तेव्हा बघू. तोवर मुसळधार पाऊस असला की मेट्रो, एरवी बसच. पास तर काढलेलाच असतो.

मेट्रोत एक बघण्यासारखं आहे. तीच माणसं, त्याच सॅका. बसच्या दारात धक्काबुक्की करणारा पोरगा फलाटावर पिवळ्या रेषेमागे उभा राहतो, उतरणाऱ्यांना आधी उतरू देतो. कारण तिथलं दार आपोआप लागतं, कोणासाठी थांबत नाही. बसच्या दारात मात्र ‘थांबा, थांबा, एक माणूस आहे’ असं ओरडलं की चालतं, आणि आपण पुणेकर त्या एका माणसाच्या भरवशावर जगतो.

गणपतीत या मार्गाचा नाद सोडा. संध्याकाळनंतर मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात, बस दुसरीकडून वळवतात आणि कुठला थांबा चालू आहे हे रोज नव्याने विचारावं लागतं. त्या दिवसांत मी परतताना मेट्रोने कसबा पेठेला उतरते, मानाच्या पहिल्या गणपतीला हात जोडते आणि देखावे बघत स्वारगेटपर्यंत चालत येते. तिथे कात्रजच्या बसमध्ये रात्री नऊलासुद्धा बसायला जागा मिळते, सगळं पुणे अजून रस्त्यावर असतं ना.