फ्रान्सच्या कालव्यातली बोट आणि आमचे ३,५४,६३२ रुपये

३,८८० युरो. आमच्या खात्यांतून गेले ते ३,५४,६३२ रुपये, आठ जणांत माणशी ४४,३२९. व्हिसाची फी माणशी ९० युरो आणि विमानाची तिकिटं वेगळीच. भाऊबीज आटोपून चार जोडप्यांनी निघायचं आणि ९ ते १६ नोव्हेंबर दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यु मिदी या कालव्यावर बोटीत राहायचं, असा बेत होता. ती बोट अस्तित्वातच नव्हती.

खऱ्या कंपनीच्या वेबसाइटची नक्कल कशी करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. दर फार स्वस्त असता तर आम्हीही सावध झालो असतो. आठ जणांची बोट, आठवड्याचे २,३८० युरो. मोसम संपताना सवलत मिळतेच, त्यामुळे आकडा खटकला नाही. कंपनीचा १४ आकडी सिरेट क्रमांकही (फ्रान्समधला व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) आम्ही फ्रान्सच्या सरकारी नोंदवहीत तपासला. तो खरा निघाला, कारण खऱ्या कंपनीचाच उचलला होता. क्रमांक खरा असल्याने काहीही सिद्ध होत नाही. त्या नोंदवहीत जो पत्ता सापडतो, त्यावरून स्वतः फोननंबर शोधा आणि तिथे फोन करा. करारावर छापलेल्या नंबरवर केलेला फोन चोरच उचलतो.

पैसे तीन वेळा गेले. जूनमध्ये ४० टक्के आगाऊ, ९५२ युरो. ऑगस्टमध्ये उरलेले १,४२८. सप्टेंबरअखेर अनामत रक्कम, १,५००.

कराराच्या तिसऱ्या पानावर, तळाशी, शिक्क्याच्या वर खातेक्रमांक होता. फ्रान्सचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, ‘एफआर’ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. आमच्या समोरचा ‘एलटी’ने सुरू होत होता आणि २० अक्षरांचा होता. एलटी म्हणजे लिथुआनिया. ही दोन अक्षरं बँकेच्या फॉर्मवर आम्ही स्वतःच्या हाताने भरली, तीनदा. विचारलं तेव्हा उत्तर आलं, की युरोपाबाहेरचे पैसे आम्ही याच खात्यात घेतो. युरोपात काही व्यवसाय अशी खाती वापरतात, म्हणून ते पटलं. पटायला नको होतं. दक्षिण फ्रान्समधल्या कालव्यावरच्या बोटवाल्याचं खातं लिथुआनियात का, एवढ्या एकाच प्रश्नावर थांबलो असतो तरी साडेतीन लाख वाचले असते.

अनामतीचं तर त्याहून उघड होतं. बोट भाड्याने देणारे अनामत रक्कम सहसा बोट ताब्यात देताना क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. बोट परत दिली, ठोकर-ओरखडा नसला, की ती मोकळी होते. डिझेलचा हिशोबही बऱ्याच ठिकाणी शेवटी, इंजिन किती तास चाललं त्यावर होतो. महिनाभराहून अधिक आधी, बँकेतून, परदेशी खात्यात अनामत मागणारा माणूस चोर समजा. ‘भारतीय कार्डं इथल्या मशीनवर चालत नाहीत’ हे कारण आम्हाला दिलं होतं.

आणि मार्ग! करारासोबत छान नकाशा होता: तुलूझहून सेत आणि परत, सात दिवसांत. तुलूझपासून सेतजवळच्या ‘तो’ नावाच्या खाजणापर्यंत हा कालवा २४० किलोमीटर आहे. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे एकाही लॉकवर (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी दरवाज्यांची कोठी) न थांबता नुसते ३० तास. वाटेत साठाहून अधिक लॉक. एका लॉकमध्ये शिरायचं, दोर टाकायचे, पाणी भरू किंवा उतरू द्यायचं, बाहेर पडायचं, याला गर्दी नसली तरी पंधरा मिनिटं धरा. ते झाले आणखी १५ तास. लॉक रात्री चालत नाहीत, दुपारी जेवणाची सुट्टी असते, आणि भाड्याच्या बोटीला अंधारात चालायची परवानगी नसते. बेझियेजवळ फोंसेरानला एकापाठोपाठ एक कोठ्यांचा जिना आहे. तिथे वर जाण्याच्या आणि खाली उतरण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. रोज पाच-सहा तास चालवली तर नुसतं एका बाजूला जायलाच आठ-नऊ दिवस लागतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं, की हा मार्ग आखणाऱ्याने आयुष्यात कालवा पाहिलेला नाही.

त्याहून वाईट म्हणजे तारखा. दरवर्षी साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत दुरुस्तीसाठी कालवा बोटींना बंद असतो. तिकडे त्याला शोमाज म्हणतात. जलमार्गांची सरकारी संस्था, व्हीएनएफ, तारखा आधीच जाहीर करते. पैसे देण्यापूर्वी त्या बघा. आम्ही दिवाळीची सुट्टी बघून तारखा मागितल्या आणि चोराने मागितल्या त्या दिल्या. ऑक्टोबरमध्ये बंदराच्या कार्यालयाला टॅक्सीबद्दल विचारलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाची बोट इथे नाही, आणि त्या आठवड्यात कालवा बंद आहे. व्हिसा तोवर मिळालाही होता, याच कराराच्या आधारावर. व्हिसा मिळाला म्हणजे बुकिंग खरं, असं कुणीही मानू नका.

मग सुरू झाली वणवण. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात, हा व्यवहार तुमच्या संमतीचा. पैसे परत मागवायची विनंती पाठवायला वेगळं शुल्क घेतलं आणि पाच आठवड्यांनी कळवलं, की खातेदाराची संमती नाही. चोराची संमती! पोलीस ठाण्यात सांगितलं, गुन्हा फ्रान्समध्ये घडला, तिकडे जा. दुसऱ्या खेपेला फ्रेंच कराराचं प्रमाणित भाषांतर मागितलं. ते नेलं तेव्हा साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला विचारलं, ‘एवढे शिकलेले लोक तुम्ही, कळलं नाही?’ फ्रान्समधल्या पोलिसांनी ईमेलला उत्तर दिलं, की तक्रार प्रत्यक्ष येऊन द्या, शिवाय खातं लिथुआनियात आहे तर तिकडेही बघा. तीन देश, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दरम्यान पैसे कुठल्या कुठे गेले. आमचा एफआयआर अजून नोंदलेला नाही, फक्त अर्जाची पोच हातात आहे.

कुणाचं असं झालं असेल तर लाजत बसू नका. आम्ही लाजेपायी चार दिवस घालवले, ते सगळ्यात महाग पडले. त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून पोच घ्या. जमेल तिथे पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. कार्डाच्या व्यवहारावर वाद घालता येतो, बँकेतून पाठवलेल्या पैशावर जवळजवळ नाही.

ती वेबसाइट डिसेंबरात बंद झाली. जानेवारीत नव्या नावाने तीच पुन्हा दिसली. बोट तीच, छतावर लाल जिरेनियमच्या तीन कुंड्या, डाव्या बाजूला फुटलेला निळा फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी उशी. कालवा आता बर्गंडीचा आहे आणि दर २,२४० युरो.