रोजचा फोल्डर हाताशी कसा ठेवायचा: शॉर्टकट, पिन की वेगळा ड्राइव्ह?

आप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम करताना निम्मा दिवस 'सेव्ह ॲज'च्या चौकटीत जातो. डी ड्राइव्ह, मग वर्ष, मग गिऱ्हाइकाचं नाव, मग 'फायनल', त्याच्या आत 'फायनल नवीन'. ही वाट तोडायला विंडोजवर तीन उपाय आहेत.

डेस्कटॉपवरचा शॉर्टकट सगळ्यांना येतो. पण चार खिडक्या उघड्या असल्या की डेस्कटॉप दिसतो कुठे? शिवाय शॉर्टकटचं आणि खऱ्या फोल्डरचं चित्र सारखंच, कोपऱ्यातल्या बारक्या बाणाचा काय तो फरक. आमच्या काकांनी एकदा शॉर्टकटच पेनड्राइव्हवर टाकून छापखान्यात नेला. तिथे तो उघडेचना, कारण आत फक्त आमच्या मशीनवरचा पत्ता होता.

दुसरा उपाय पिनचा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'पिन टू क्विक ॲक्सेस' म्हटलं की तो फाइल एक्सप्लोररच्या (फोल्डर उघडतात त्या खिडकीच्या) डाव्या पट्टीत जाऊन बसतो. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. माझ्या दृष्टीने खरा फायदा असा की बहुतेक प्रोग्रॅममध्ये 'ओपन' आणि 'सेव्ह ॲज' करतानाही तीच पट्टी समोर येते. नको झालं की अनपिन करायचं, मूळ फोल्डरला धक्का लागत नाही.

खोड एकच, पण मोठी. पिन केलेल्यांच्या जोडीला विंडोज स्वतःच्या मनाने, वारंवार उघडलेले फोल्डरही तिथे आणून ठेवतं. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं असतं आणि यादीत दुसऱ्याच घरची लग्नपत्रिका, नाहीतर आपल्या घरचे मेडिकल रिपोर्ट! म्हणून पिन करण्याआधी फोल्डर ऑप्शन्समध्ये, 'जनरल'खाली, वारंवार वापरलेले फोल्डर आणि अलीकडच्या फाइल दाखवण्याच्या दोन्ही खुणा काढून टाका. पेनड्राइव्हवरचा फोल्डर पिन करू नका. ड्राइव्ह काढला की नाव तेवढं उरतं, उघडायला गेलं की एरर.

तिसरा उपाय 'सब्स्ट' या जुन्या कमांडचा. एखाद्या फोल्डरला डी ड्राइव्हसारखं थेट ड्राइव्हचं अक्षर मिळतं आणि पत्ता आखूड होतो. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा असते. लांबलचक नावं एकात एक ठेवणाऱ्यांना हा तोडगा उपयोगी पडतो. मशीन रीस्टार्ट केलं की मात्र ते ड्राइव्हचं अक्षर जातं. इतरांनी या वाटेला जाऊ नये.

आणि विंडोजऐवजी उबंटू ही प्रणाली वापरत असाल तर विचार कसला करायचा? फोल्डर उघडा, कंट्रोल-डी दाबा, डावीकडे बुकमार्क तयार.

विंडोजवर मी पिनच वापरते. एका वेळी सहा, त्याहून जास्त झाले की पुन्हा शोधाशोध. काकांना मात्र डेस्कटॉपच हवा असतो. त्यांचे दोन शॉर्टकट ठेवलेत आणि दोन्हींना नाव दिलंय: 'हा फोल्डर नाही. छापखान्यात नेऊ नये.'