बॉस आरव्ही-६: आठ महिने वाजवल्यावर

हे गिटारच्या आवाजाला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, देणारं पेडल. घरी आलं त्या दिवशी मोड शिमरवर ठेवला, टाइम (घुमारा किती वेळ टिकतो) आणि ई. लेव्हल (तो किती मिसळतो) पार उजवीकडे पिळले आणि एक कॉर्ड वाजवली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "पेटी विहिरीत पडली का रे?" तेव्हा राग आला, पण बाई बरोबर बोलली होती.

शिमर टेलमध्ये, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्यात, वरच्या सप्तकातला सूर मिसळतो, त्यामुळे सहाच्या सहा तारा छेडल्या की काला होतो. मी आता दोनच तारा घेतो, सा-प एवढंच, आणि टोनचा नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी. बाकी काम करंगळीचं. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, तार छेडायची, मग नॉब हळूहळू उघडायचा. पिकचा टक्क आवाज जातो आणि सूर कुठून सुरू झाला तेच कळत नाही. ऑर्गनसारखा फुगत येतो. हे जमायला मला दोन महिने लागले.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, आधी, रिव्हर्ब नंतर. मी एकदा उलटं जोडलं होतं. टेलसुद्धा फाटून नुसता चिखल.

पहिल्या महिन्यात घूं असा आवाज यायचा. पेडलच खराब निघालं असं धरून चाललो होतो. मग नऊ व्होल्टची बॅटरी घातली, तर एकदम शांत! एका स्वस्त अडॅप्टरवरून चार पेडलं चालवत होतो, दोष त्याचा. याला ९५ मिलिअँपिअर पुरतात, पण प्रत्येक पेडलला वेगळं, आयसोलेटेड आउटपुट देणारा सप्लाय घ्या. खिशाला चाट बसते, इलाज नाही.

आठ मोडपैकी माझा मुक्काम प्लेटवर. मूळ प्लेट म्हणजे स्टुडिओत घुमारा काढणारा पोलादी पत्रा. १९५७चं ईएमटी १४० हे असलं यंत्र पाव टनाच्या वर भरायचं, इथे ते तळव्याखाली येतं. डॅडगॅड ट्यूनिंगमध्ये (तारा D-A-D-G-A-D अशा लावून) खुल्या तारा सोडायच्या असतील तर मॉड्युलेट, म्हणजे किंचित डोलणारा घुमारा. स्प्रिंग, म्हणजे अँपमधल्या स्प्रिंगच्या घुमाऱ्याची नक्कल, ठीकठाक; अँपला लाथ घातल्यावर येणारा खराखुरा झणका यात कुठून येणार?

प्रीसेट, म्हणजे नॉबची ठरलेली जुळणी, साठवायची सोय नाही, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये वाकून नॉब फिरवणं आलं. नॉब कुठे थांबवायचे त्या जागी बहिणीच्या नेलपॉलिशचे ठिपके लावलेत. लाल लावू नका, स्टेजच्या अंधारात दिसत नाही. पांढरा दिसतो.